भारमान

चिंचहाळच्या वेशीत पाटी आहे:
लोकसंख्या एक हजार चारशे बारा.
रंग दोन हजार अकराचा. शेवटचा दोन
कुणीतरी कोळशानं खोडून तीन केलाय,
नंतर पुन्हा दोन.

मी मुक्कामी गाडीचा वाहक. गाव मी वेगळं मोजतो.
सोलापूरहून सहा दहाला सुटायचं,
फाट्यावरून आत साडेचार किलोमीटर,
खडी उघडी, डावीकडं तूर, उजवीकडं तूर,
आणि स्टेअरिंगवर मैनोद्दीन, गिअर टाकताना
घरच्या भांडणातलं राहिलेलं वाक्य पुटपुटणारा.
रात्री गाडी समाजमंदिरापुढं, आम्ही दोघं ओट्यावर.
महानंदाबाई फडक्यात भाकरी आणून ठेवतात,
"ऊटा आत्रि, मास्तर?" विचारतात,
आणि उत्तर यायच्या आत वळतात.

माझ्या यंत्रातून गाव असं निघतं:
पूर्ण, सात. बायका अर्ध्या तिकिटात, एकोणीस.
शून्य रुपयांची पाच, पंचाहत्तरीच्या पुढची.
त्यातला चनबसप्पा आधार कार्ड
बंडीच्या आतल्या खिशातून असं काढतो
जसं काही मी ते ठेवूनच घेणार आहे.
शिवलीला एका तिकिटात सिव्हिलला गेली,
एकाच तिकिटात परत आली, मांडीवर आणखी एक.
पाच वर्षांचं होईतो ते माणूस
एसटीच्या हिशेबात जन्मत नाही.
इराप्पाचा थोरला चाकणला गेला, पूर्ण तिकीट, मोठी बॅग.
त्याचं येतानाचं तिकीट
अजून माझ्या हातून निघालेलं नाही.

जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची बेरीज
एकदाही जुळली नाही.
डेपोत त्याबद्दल कुणी विचारत नाही.
डेपोत भारमान विचारतात.

एकतीस टक्के.
साहेब म्हणाले, "मुक्काम बंद करू.
वडाप आहेच की तिकडं."
वडाप आहे. जीपमध्ये चौदा, टपावर दोन,
मागं एक पाय आत, एक पाय रस्त्याचा.
त्याचं भारमान कुणी काढत नाही.
पण अकरावीच्या, बारावीच्या पासवाल्या नऊ मुली
वडापवाला पासावर घेत नाही.
सकाळी सहा पंचवीसला त्या हातपंपाजवळ असतात,
वेण्यांतून पाणी गळत, एकीच्या तोंडात अजून घास,
आणि गाडी चालू झाली की
भूगोलाचं काहीतरी मोठ्यानं पाठ करतात.

मी गावात बोललो नाही.
मैनोद्दीन बोलला.

सोमवारी सकाळी गाडी भरली.
मला वाटलं, लग्न असेल कुणाचं.
भौरम्मा, किराणावाला, पंचायतीचा शिपाई,
दोन म्हाताऱ्या ज्यांना मी कधी उजेडात पाहिलं नव्हतं.
"कुठं?"
"फाटा."
"फाट्यावर काय आहे?"
"फाटा आहे."
साडेचार किलोमीटर मुकाट बसून आले, उतरले,
टपरीवर अर्धा अर्धा चहा घेतला
आणि चालत माघारी निघाले.
मंगळवारीही तेच.
बुधवारी पाळ्या लागल्या होत्या:
एक दिवस वरची गल्ली, एक दिवस खालची.
शिपायाच्या वहीत नावं, नावांपुढं टिका.
गुरुवारी बाजार होता, त्या दिवशी
खरोखर जाणाऱ्यांना उभं राहावं लागलं
आणि थोडी बाचाबाची झाली.

आठवड्याचं भारमान अठ्ठावन्न.
साहेबांनी चष्मा काढून कागद जवळ धरला.
"यात्रा आहे का तिकडं?"
"नाही साहेब," मी म्हणालो, "लोक राहतात."
ते हसले नाहीत. बघतो म्हणाले.

पत्र अजून यायचंय.
फाट्यावर डबल बेल दिली की
मी मागच्या काचेशी जाऊन उभा राहतो.
धुळीत पाठमोरं गाव चालत असतं
आणि मला सवय, मी मोजतो.
एकवीस, बावीस.
चनबसप्पा थांबून चप्पल झटकतो, खडा पडत नाही,
पुन्हा झटकतो.
तेवीस.